दोन कॉलमचा फोटो

९ नोव्हेंबर

नवं काम लागलं की मी डायरी धरते आणि महिन्याभरात सोडते. या खेपेला किती टिकते बघू.

आजपासून मी फोटोच्या टेबलावर. इतकी वर्षं पेपरात मुद्रितशोधक होते, दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करत बसले. आता ते काम कॉम्प्युटर करतो. काय दिवे लावतो ते रोज पहिल्या पानावर दिसतंच, पण साहेबांना कोण सांगणार? साहेब म्हणजे आमचे संपादक. म्हणाले, "बाई, फोटो कापायला शिका. सोपं असतं. नको ते काढायचं, हवं ते ठेवायचं." म्हटलं, मग भाजी निवडण्यासारखंच की.

सकाळपासूनच दिवस वाकडा होता. पैलवान उशिरा आला. नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, नुसता धुमसून जीव जात होता. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्यांची उजवी बाजू गेलेली आहे. बोलणंही एकेक शब्दावर आलंय. रोज सकाळी पैलवान येऊन अंघोळ घालतो, दाढी करतो, पायाचा व्यायाम घेतो. पैलवान हे नानांनी ठेवलेलं नाव. माणूस पंखा जोरात लावला तर भिंतीला जाऊन चिकटेल इतका किडकिडीत! राहतो पुलापलीकडे. तिकडची सगळी वस्ती परदेशातून पोट भरायला आलेल्यांची. हाही लहानपणी बापाच्या कडेवर बसून आलेला.

"नाना, माफी करा. बस चुकली," तो धापा टाकत म्हणाला. "मी हात केला. ड्रायव्हरने बघितलं पण थांबवली नाही."

झालं! नाना आणखी लाल. नाना स्वतः बस ड्रायव्हर होते, जन्म त्यात गेला. "हात... दिसला... की थांबायचं," असं अडखळत तीनदा म्हणाले. राग पैलवानवरून त्या ड्रायव्हरवर गेला आणि पैलवानचा जीव भांड्यात पडला.

दुपारी ऑफिसात पहिलंच काम. पुलाजवळच्या स्टॉपवर बस कमी आणि माणसं फार, अशी बातमी. आमचा फोटोग्राफर, त्याला सगळे फ्लॅश म्हणतात, त्याने सकाळी काढलेला फोटो. धुकं, त्यातून धावत येणारी पंचवीस-तीस माणसं, उजवीकडे निघालेली बस. फोटो तीन कॉलमचा होता, पण ऐनवेळी जाहिरात आली आणि दोनच कॉलम उरले. मग मी बस कापली. माणसं कशी कापणार? ती सगळ्या फोटोभर होती. कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं, मी 'हो' दाबलं, फोटो सेव्ह झाला.

फ्लॅशने पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो बाई, बसच कापलीत? मग ते धावतायत कशासाठी?"

"बातमीत लिहिलंय की बससाठी," मी म्हटलं.

"बातमी वाचतो कोण?"

फोटोवाल्यांना आपला फोटो म्हणजे काळजाचा तुकडा वाटतो. असो.

११ नोव्हेंबर

आज पैलवान नानांना व्यायाम देत होता तेव्हा मी दारात उभी राहून पाहिलं. ही त्याची स्वतःची युक्ती. पलंगाच्या पायथ्याला त्याने लाकडी ठोकळा बसवलाय, वर जुन्या चपलेचं रबर. तो ठोकळा म्हणजे ब्रेक. नाना उशीला टेकून बसतात आणि पैलवान नानांच्या जुन्या मार्गावरचे स्टॉप पुकारतो. "दवाखाना आला! माणूस उभा आहे!" म्हणत हात वर करतो, आणि नानांनी तो मेलेला उजवा पाय ठोकळ्यावर दाबायचा. पाय काही हलत नाही, बोटं थरथरल्यासारखी वाटतात इतकंच. मग पैलवान म्हणतो, "चढले सगळे!" आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमच्याने दोनदा वाजवतो, टण टण. ही घंटी मिळाली की पाय काढायचा. घंटीशिवाय गाडी हलवली तर नाना स्वतःच डोळे वटारतात.

ह्यांनी एकदा नुसतं "चला, निघा" म्हटलं होतं. नानांनी पोटच्या मुलाकडे असं पाहिलं की जणू हे फुकट्या प्रवासी.

१९ नोव्हेंबर

काल साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! वेलांटी बरोबर दिली म्हणून कुणी कुणाची पाठ थोपटत नाही.

'किती जणांना सामावणार?' अशी लेखमाला सुरू होतेय, पुलापलीकडच्यांवर. मी जुने फोटो काढून दिले. एक त्यांच्या शाळेचा, एक लग्नाचा, एक गिरणीतून सुटलेल्या बायकांचा. साहेब म्हणाले, "यातून काय कळतं? लग्नात सगळे सारखेच दिसतात." मग मला तो धुक्यातला फोटो आठवला. त्यांनी स्क्रीनवर पाहिला आणि खुर्चीतून उठलेच. "हां! याला म्हणतात फोटो! बघा, अंगावर आल्यासारखे वाटतात." खाली ओळ दिली, 'पुलापलीकडील नागरिक (संग्रहित छायाचित्र)'.

येताना आइस्क्रीम आणलं. नानांना भरवलं, पैलवानसाठीही वाटीभर फ्रीजमध्ये ठेवलं. आज सकाळी त्याने विचारलं, "कसला आनंद, ताई?" म्हटलं, बढतीसारखंच काहीतरी आहे. तो इतका खूश झाला, जसं काही त्याचंच कौतुक झालं.

२७ नोव्हेंबर

नणंदबाईंनी घरच्या ग्रुपवर काहीतरी पाठवलं. उघडलं. धुक्यातून माणसांची लाट येतेय, पुढच्याने हात उगारलाय, वर लाल अक्षरांत 'आज पूल, उद्या तुमचं दार'. मी खरोखर उठून दाराची कडी पाहून आले. परत येऊन बसले तेव्हा लक्षात आलं की हा तर माझाच फोटो!

नणंदबाईंना फोन केला. "अहो, ते लोक बस पकडायला धावतायत."

"कुठे आहे बस?"

"मी कापली."

"काहीतरीच तुझं, वहिनी! आणि असेना बस. बसमध्ये बसून कुठे येणार आहेत? आपल्याकडेच ना?"

एका अर्थी खरंच आहे की. पैलवान बसमध्ये बसून आपल्याकडेच येतो.

४ डिसेंबर

काल टीव्हीवर चर्चा. विषय 'राष्ट्राच्या सुरक्षेला धोका'. बोलणाऱ्यांच्या मागे आख्ख्या भिंतीएवढा तोच फोटो. एक सुटाबुटातले गृहस्थ म्हणाले, हे दृश्य सीमेवरचं आहे. दुसरे म्हणाले, सीमेवरचं नाही, राजधानीच्या वेशीवरचं आहे. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली.

मी म्हटलं, "अहो, तो पुलाजवळचा स्टॉप आहे. मला माहितीये."

हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "तुला एकटीला माहीत असून काय उपयोग? एवढे मोठे लोक बोलतायत, काहीतरी असेलच ना. विस्तवाशिवाय धूर कसा निघेल?"

"धूर नाही, धुकं आहे ते."

हे हसले. मीही हसले. पण रात्री कडी दोनदा पाहिली. मला कळत नाही, बस मीच कापली, मला सगळं ठाऊक आहे, तरी तो फोटो समोर आला की छाती धडधडते. मग ज्यांना ठाऊकच नाही त्यांचं काय होत असेल?

आज सकाळी पैलवान आला तेव्हा दार उघडताना क्षणभर थांबले. त्याने पाहिलं. "मी आहे, ताई," म्हणाला. आपला पैलवान वेगळा. त्याची गोष्टच वेगळी.

१२ डिसेंबर

चौकात होर्डिंग लागलंय, दोन मजले उंच आणि रंगीत. पेपरात फोटो काळापांढरा छापला होता, रंग मी विसरूनच गेले होते. पुढच्या माणसाभोवती लाल गोल काढलाय.

सिग्नलला रिक्षा थांबली म्हणून मान वर करून पाहत होते. त्या माणसाच्या गळ्यात मफलर आहे. मरून रंगाचा. आणि शेवटची वीतभर मोहरीच्या रंगाची.

तो मफलर मी विणलाय. नानांसाठी. मरून लोकर संपली, दुकानात तो रंग मिळेना, म्हणून शेवट मोहरी रंगात केला. नाना तेव्हा धडधाकट होते. म्हणाले, "सूनबाई, हा मफलर आहे का सिग्नल?" आणि कधी घातला नाही. पुढे पैलवानला देऊन टाकला. माझे टाके कसे एका बाजूला ओढलेले असतात ते मला माहीत आहे. एवढ्या मोठ्या आकारात ते पहिल्यांदाच पाहिले. रस्त्यावरून जाणारी माणसं माझ्या विणकामाकडे घाबरून बघत होती.

ह्यांना सांगितलं. हे रोज त्याच चौकातून जातात. उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "कुणाला बोलू नकोस."

"पण तो बसला हात करतोय. नानांना करून दाखवतो तस्साच."

"मला पटतंय गं. पण बोलू नकोस."

पटतंय तर बोलायचं का नाही? आणि बोलायचं तरी कुणाला?

१४ डिसेंबर

धीर करून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "होर्डिंगवाल्यांना फोटो आपण दिलेला नाही, त्यांनी घेतला." हे म्हणताना चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता.

"मग निदान दुरुस्ती तरी छापू. मूळ फोटो छापू, बससकट."

"दुरुस्ती चूक असेल तर छापतात, बाई. ही ओळ वाचा. 'पुलापलीकडील नागरिक, संग्रहित छायाचित्र.' इतकी वर्षं चुका शोधल्यात. यात एक तरी दाखवा."

मी ओळ वाचली. उभ्याउभ्या तीनदा वाचली. नागरिक आहेत. पुलापलीकडचे आहेत. छायाचित्र संग्रहितच आहे. एक चूक सापडेना.

बाहेर येऊन फ्लॅशला गाठलं. म्हटलं, मूळ फोटो दे, मी बघते काय करायचं ते. तो म्हणाला, "कॅमेऱ्याचं कार्ड मी रोज पुसतो. मूळ फोटो तुमच्या टेबलावर आला होता. तुम्ही कॉपी न करता त्याच्यावरच कापून सेव्ह केलात. पहिल्या दिवशी सगळे करतात." वर म्हणाला, "मी तेव्हाच विचारलं होतं ना, ते धावतायत कशासाठी?"

म्हणजे ती बस आता कुठेच नाही. मला दिसली होती, फ्लॅशला दिसली होती, आणि त्या तीस माणसांना. त्या माणसांना विचारणार कोण?

२० डिसेंबर

आमच्या बिल्डिंगची सभा गच्चीवर झाली. हे सेक्रेटरी, त्यामुळे मला खुर्च्या मांडायला जावंच लागलं. विषय असा की पुलापलीकडच्यांना गेटमधून आत सोडावं की नाही. सोडू नये यावर लगेच एकमत झालं. मग तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आमची धुणंभांडीवाली सोडून हं. ती फार चांगली आहे." दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, त्यांचा ड्रायव्हर सोडून. गच्चीला लागून राहणारे पेन्शनर म्हणाले, त्यांची पोळीवाली. मीही म्हटलं, "आमचा पैलवान." एकेक करत सगळं माणूसन् माणूस सुटलं आणि बंदी घालायला कुणी उरेनाच!

मला हसू आलं. वाटलं, आता विषय मिटला. पण ह्यांनी घसा खाकरला. "असं केलं तर ठरावाला काही अर्थच राहणार नाही. सूट द्यायची तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही." हे नेहमीच न्यायाने वागतात, सगळी बिल्डिंग त्यांना त्यासाठीच मानते. टाळ्या पडल्या. नव्या वर्षापासून कुणालाच नाही, असं ठरलं.

जिन्यात मी विचारलं, "मग नानांचं काय?"

"नर्सिंग ब्युरोतून बाई मिळेल."

"आणि पैलवानचं?"

"माझ्याच घराला सूट दिली असती तर लोक काय म्हणाले असते?"

हे खरोखर कळवळून विचारत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. तो का आला नाही याचाच राग येतोय.

३१ डिसेंबर

पैलवानचा आज शेवटचा दिवस. हे लवकर बाहेर पडले, काम आहे म्हणून.

त्याने नेहमीसारखी अंघोळ घातली, नखं कापली, सगळे स्टॉप घेतले. नानांना सांगितलं नव्हतं. थंडी होती, गळ्यात तोच मफलर.

मी म्हटलं, "पैलवान, तो मफलर घालून चौकातून जाऊ नका. ह्यांचा देते, दुसरा."

तो हसला. "ताई, फोटोत मीच आहे. मला माहीत आहे. बस चुकली होती ना, तो दिवस." मग म्हणाला, "बायको म्हणते, फोटो चांगला आला. पण बस नाही आली त्यात. बस असती तर बरं होतं."

हीच वेळ होती. तोंड उघडलं होतं मी. "चहा घेऊन जा," एवढंच बाहेर पडलं.

"कापणाऱ्याला घाई असेल," तो म्हणाला. "घाईत होतं, ताई."

त्याने मफलरची घडी घालून नानांच्या पायथ्याशी ठेवली. चहा घेतला नाही.

१८ जानेवारी

ब्युरोची बाई चांगली आहे. स्वच्छ आहे, वेळेवर येते. नाना तिच्याशी बोलत नाहीत आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. ठोकळा अडगळीत गेला. तिला स्टॉप माहीत नाहीत, तिचा काय दोष? मीही एकदा पुकारून पाहिले. तिसऱ्याच स्टॉपला चुकले आणि नानांनी डोळे मिटून घेतले.

पुलाजवळचा स्टॉप सुरक्षेच्या कारणावरून बंद झाल्याची बातमी आज आतल्या पानात आली. एवढीशी होती. फोटो नव्हता. आता बस न थांबता सरळ पुढे जाते.

पैलवान कुठे काम करतो कळलं नाही. वॉचमन म्हणाला, ते लोक कुठे ना कुठे जातातच. हा वॉचमन पूर्वी रोज त्याच्याकडून तंबाखू घ्यायचा.

२ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण हे म्हणतायत ते आणि मी पाहिलं ते वेगळं आहे.

नवा कायदा झाला म्हणून तो फोटो पुन्हा छापला. पहिल्या पानावर, आठही कॉलम, रंगीत. मी कापला नाही. कापायला काही उरलंच नव्हतं.

सकाळी पेपर नानांच्या पलंगावर उघडा पडला होता. मी दूध घेऊन गेले तर नाना भिंतीकडून वळून पेपराकडे पाहत होते. डाव्या हाताने त्यांनी मफलरवर बोट ठेवलं. मग वर केलेल्या हातावर. मग ते बोट उजवीकडे सरकत कागदाच्या कडेपर्यंत गेलं आणि कडेच्या पलीकडे चादरीवर थांबलं.

"बस," नाना म्हणाले.

मी दुधाचा कप खाली ठेवला, चमचा हातातच राहिला. त्यांना मी कधीच काही सांगितलं नव्हतं.

"हो नाना. तिथेच होती. मीच..."

पुढचं त्यांनी ऐकलं नाही. त्यांचा उजवा पाय हलला. बोटं नाही, अख्खा पाय. चादर ओढत पुढे आला आणि पलंगाच्या पायथ्याच्या फळीवर टेकला. नानांच्या कपाळाची शीर ताठ झाली होती. "थांबव," म्हणाले. कुणाला म्हणाले, मला? मी पळत जाऊन अडगळीतून ठोकळा आणला आणि पायाखाली बसवला. त्यांनी तो असा दाबला की पलंग करकरला.

आवाजाने हे धावत आले. पाहिलं आणि डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. "नाना! पाय हलला! अगं, पाय हलला नानांचा!" लगेच डॉक्टरांना फोन, मग बहिणीला फोन. ब्युरोच्या बाईच्या हाताला गुण आहे, असंही कुणाला तरी सांगितलं.

फोन संपला तरी नाना दाबतच होते. पाय थरथरत होता, घाम आला होता, नजर पेपरावरून हलत नव्हती.

"पुरे आता, नाना," हे म्हणाले. "सोडा." मग माझ्याकडे वळले. "अगं, घंटी दे ना. दमतील ते."

चमचा माझ्या हातात होता. दांडी समोर होती. दोनदा वाजवलं की नानांनी पाय काढला असता.

मी पेपराकडे पाहिलं. ती सगळी माणसं अजून चढायची होती.